पहिल्या हाकेला ओ

माझ्या आईला नावानं हाक मारणारी सगळी माणसं मेलेली होती. हे वाक्य माझं नव्हे, तिचंच. कोडोलीत ती सगळ्यांची मास्तरीणबाई, कारण माझे वडील तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. शेजारी राहणाऱ्या पुतण्याची ती काकू. माझी आई. वडिलांनी उभ्या जन्मात तिचं नाव घेतलं नाही, अख्खा संसार ‘अगं ऐकलंस का’ वर निभावला. माहेरची थोरली माणसं एकेक करून गेली, आणि त्यांच्याबरोबर तिचं नावही गेलं. मतदानाच्या दिवशी तेवढं कुणीतरी यादीतून वाचायचं, तेव्हा ती स्वतःच चमकून बघायची.

म्हणून दिवेलागणीला घराच्या मागून, शेवग्याच्या झाडाकडून, कुणीतरी तिला नावानं हाक मारली, तेव्हा तिनं ओ दिली नाही. तशीही तिनं दिली नसतीच. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हा तिचा जन्माचा नेम. दुसरीला नाही, तिसरी आली तर माणूस आहे असं समजायचं. ‘ते’ एकदाच हाक मारतं, फार तर दोनदा. ओ दिलीस की गेलीस. आमच्या भागात हे जुन्या बायकांना सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण आईइतकं काटेकोर कुणी पाळत नव्हतं. पोस्टमन, गॅसवाला, दूधवाली, सगळे तिच्या दारात तीनदा ओरडायला शिकले होते.

मला याचा भयंकर राग यायचा. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांच्या पिढीनं घरातले देव टोपलीत भरून नदीला सोडले. मी आईला म्हणायचे, देव सोडलेत, मग भुतं कशाला ठेवलीत? त्यांनाही त्याच टोपलीत घालायचं होतं. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे, “देव बोलवून येत न्हाईत. ही बोलवतात.”

तिच्याकडे पुरावाही होता, आणि तो पुरावा म्हणजे माझे वडील. मी तेव्हा कॉलेजात होते, कोल्हापुरात वसतिगृहावर. वडील पडवीत पेपर वाचत बसले होते. रस्त्यावरून कुणीतरी ‘मास्तर’ म्हणून हाक मारली. ते ‘ओ, आलो आलो’ म्हणत चपला घालून बाहेर गेले. रस्त्यावर कुणीच नव्हतं. पोरांची मस्करी असेल म्हणून ते परत आले, भाकरी खाल्ली, झोपले आणि सकाळी उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय. आई म्हणाली, “पहिल्या हाकेला ओ दिली त्यांनी. मी चुलीम्होरनं वराडले, देऊ नगा म्हणून.” मी हृदयावर विश्वास ठेवला. दुसरं काय करणार? पण त्या दिवसानंतर तिच्यापुढे हसणं मात्र मला जमलं नाही.

आता घराचं सांगते, कारण सगळं त्याच्यापायी झालं. वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, मागं मोरी आणि ते शेवग्याचं झाड. जागा मूळ आजोबांची. शेजारी माझ्या चुलत भावाचं घर. तो कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत पाळीवर जातो, दोन मुलगे आहेत, जागा कमी पडते. त्याचं म्हणणं असं, की ही जागा आजोबांनी त्याच्या वडिलांना दिली होती, माझ्या वडिलांनी नुसतं घर बांधलं. मी एकुलती एक मुलगी, कोल्हापुरात शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, तिथंच फ्लॅटमध्ये एकटी राहणारी. आईला शंभरदा म्हटलं, माझ्याकडे ये. ती म्हणायची, “मी हितंच मरणार. हे घर त्यांनी माझ्यासाठी बांधलंय.” तिचं सगळं मागणं एवढंच होतं. तिला त्या घरातून निघायचं नव्हतं.

त्यानं दावा लावला, पण खालच्या कोर्टात निकाल आईच्या बाजूनं लागला. भाऊ चिडला नाही. “बघू की, आक्का, वर अपील असतंय,” एवढंच म्हणाला आणि मला चहाही पाजला. हाका सुरू झाल्या त्या त्यानंतर.

आईनं मला हे लगेच सांगितलं नाही. मी रविवारी जायची. एकदा गेले तर मागच्या दाराला आतून पाट टेकवलेला. मग हळूहळू तिच्याकडून काढून घेतलं. दररोज नाही, पण आठवड्यातून एकदोनदा, दिवे लागताना, एकच हाक. नावानं. आवाज बाईचा का पुरुषाचा, ते कळत नाही. एकदा मारून गप्प.

“त्याचंच काम आहे हे,” मी ताडकन म्हटलं. “तुला घाबरवून घराबाहेर काढायचंय. त्याला तुझा नेम माहीत आहे की नाही? अख्ख्या गावाला माहीत आहे.”

“त्येला माझं नाव कुटनं ठावं?”

“कोर्टाच्या कागदावर आहे ना!”

मी उठून मागं गेले, शेवग्याखाली उभी राहिले. पलीकडे भावाच्या मोरीची भिंत, इतकी जवळ की पाण्याचा आवाज येत होता. तिथून हाक मारणं पोरखेळ होता. मी त्याच पावली त्याच्याकडे गेले आणि विचारलं. माझा स्वभाव असा आहे, पोटात काही ठेवता येत नाही. तो जेवत होता. त्याच्या हातातला घास तसाच राहिला. “तसलं काय करीन व्हय मी? आक्का, केस मी केलीया, ती हाय. पण हाक?” त्याच्या बायकोनं पोरांना आत घेतलं. तो घाबरला होता, का चांगलं नाटक करत होता, हे मला आजही ठरवता येत नाही.

अपिलाची नोटीस घेऊन कोर्टाचा बेलीफ आला तो अशा दिवसांत. भर दुपारची वेळ. त्यानं पडवीत उभं राहून आईला नावानं हाक मारली. आई आतल्या खोलीत, दार लोटलेलं. नाव ऐकलं आणि तिनं श्वास धरला. तो पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडायचं बेलीफाला काही कारण नव्हतं, त्याला थोडंच गॅसचं सिलिंडर द्यायचं होतं. मग दाराच्या बाहेरच्या बाजूनं कुणीतरी हात घासतंय असा आवाज आला, वरपासून खालपर्यंत, सावकाश. आई कॉटवर पाय पोटाशी घेऊन बसून राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिनं दार उघडलं, तेव्हा दारावर कागद डकवलेला होता.

मी गेले तेव्हा तो कागद तसाच होता, तिनं हात लावला नव्हता. अपील कोल्हापूरच्या जिल्हा कोर्टात होतं, कागद इंग्रजीत. वर भावाचं नाव, खाली आईचं, आणि तिच्या नावापुढं लिहिलेलं, रिस्पॉन्डंट नंबर एक.

“ह्यो काय शबूद?” तिनं विचारलं.

“उत्तर देणारी. खालच्या कोर्टात तू प्रतिवादी होतीस, आता रिस्पॉन्डंट. मराठी कागदात ‘जाबदेणार’ लिहितात.”

“जाब? मी काय चोरी केलीया?”

मला हसू आलं, पण तिचं खरं होतं. आपल्याकडे जाब विचारतात तो गुन्हेगाराला. ‘जवाब’चंच ते आखूड झालेलं रूप, आणि बुटक्या माणसासारखं तापट. मी म्हटलं, इंग्रजी शब्दात तसं काही नाही, तो सभ्य आहे. आणि तो किती सभ्य आहे हे दाखवायला कोल्हापूरला परतल्यावर जाड डिक्शनरी काढली. पस्तीस वर्षं मुलांना ‘रिस्पॉन्ड’चा अर्थ फळ्यावर लिहून दिला होता, पण हा शब्द आला कुठून हे बघायची वेळ कधी आली नव्हती.

जे वाचलं ते मला आवडलं नाही. शब्द लॅटिन. ‘री’ म्हणजे उलट, परत. ‘स्पॉन्डेरे’ म्हणजे वचन देणं, साधंसुधं नव्हे, शपथेचं. रोमन लोकांत व्यवहार असा होई, की एकानं विचारायचं, ‘शब्द देतोस?’ आणि दुसऱ्यानं त्याच शब्दात म्हणायचं, ‘देतो.’ लिहिणं नाही, सही नाही. तोंडातून उत्तर गेलं की माणूस बांधला गेला. मुलगी द्यायची तीही अशीच ठरवायचे, म्हणून इंग्रजीतला नवरा-बायकोसाठीचा ‘स्पाउस’ आणि जामीन राहणारा ‘स्पॉन्सर’ हे दोघंही त्याच घरातले. आणि आणखी खाली, ग्रीकांकडे गेलं, तर याचा सख्खा शब्द निघतो तो देवापुढे दारू ओतण्याचा. शपथ घ्यायच्या आधी कुणाला तरी काहीतरी पाजायचं. मी पुस्तक मिटलं आणि उठून सगळे दिवे लावले. नंतर स्वतःवरच चिडून दोन बंद केले.

हे आईला सांगायला नको होतं, असं नंतर मला कितीतरी लोकांनी सुचवलं. पण तिनं पुढच्या रविवारी आपणहून विचारलं, शब्द सापडला का म्हणून. ती घेवडा निवडत होती. मी सांगितलं, जसंच्या तसं. आईशी खोटं बोलायची सवय मला नव्हती.

ती ऐकून म्हणाली, “म्हंजे ओ दिली की बांधलं.”

“हं.”

“मग मी काय येगळं सांगतीया हितकी वरसं? तुझ्या सायबाच्या भाशेला बी ठावं हाय की.” जिंकल्यासारखी हसली. मग शेंगा मोडायची थांबली. “आन ओ न्हाय दिली तर?”

“तर मोकळी.”

“आन घर?”

वकिलांनी मला बजावलं होतं. पहिल्या तारखेला आईला घेऊन या, म्हातारं माणूस जजसाहेबांच्या नजरेस पडलेलं बरं. पुकारा होईल तेव्हा उभं राहायचं आणि हजर म्हणायचं. रिस्पॉन्डंटकडून कुणीच ओ दिली नाही, तर अपील एकतर्फी चालतं. मी म्हटलं, “घर जाईल, आई.”

घेवडा तसाच अर्धा राहिला, तो मी निवडला.

तारखेला मी तिला रिक्षानं कोर्टात नेलं. तिनं पांढरं नऊवारी नेसलं होतं, वडील गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला नेसलेलं. मी म्हटलं, हे कशाला काढलंस? तर म्हणाली, धुतलेलं हेच होतं. कोर्टाच्या वऱ्हांड्यात बाकावर तिला बसवलं. समोरच्या बाकावर भाऊ, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानं उठून आईला पाण्याची बाटली दिली. आईनं घेतली, प्यायली नाही.

आमचे वकील खालच्या मजल्यावर दुसऱ्या कोर्टात अडकलेले. वकीलपत्र त्यांच्या बॅगेत, आणि बॅग त्यांच्याजवळ. मी आईला पुन्हा पुन्हा सांगितलं, शिपाई नाव पुकारेल, तिसऱ्यांदा पुकारेपर्यंत थांबू नकोस. तो कधी तीनदा पुकारतो, कधी एकदा पुकारून आत जातो, त्याचा काही नेम नाही. हे सांगताना माझा आवाज चढला, शेजारच्या बाकावरचे बघायला लागले. आई माझ्याकडे बघत नव्हती, कोर्टाच्या दाराकडे बघत होती. शेवटी मी वकिलांना आणायला खाली पळाले.

जिना चढून वर येते तोच शिपायानं दारात येऊन हाक मारली. आधी भावाचं नाव, मग आईचं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. मी तिथंच थबकले. सगळं मला दिसत होतं, आई, भाऊ, शिपाई. ओरडावंसं वाटलं, ‘आहे, आहे, इथं आहे’ म्हणून. तोंड उघडलंही. पण त्याआधीच आई उभी राहिली होती.

“ओ!” ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की वऱ्हांड्यातले काळे कोट वळले. “हाय मी. आले.”

कुणीतरी हसलं. शिपाईसुद्धा हसला. हसला नाही तो एकटा माझा भाऊ. तो बाकावरून अर्धवट उठला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. मी जवळ पोचले तेव्हा तो आईला हळूच म्हणत होता, “काकू, पयल्याच हाकंला?”

आई म्हणाली, “घरासाटनं दिली. बगू आता कोण काय करतंय.”

त्या दिवशी दुसरं काही झालं नाही. पुढची तारीख मिळाली. वकील खूश होते, म्हणाले, बाई खंबीर आहेत. मला आनंद झाला होता, अगदी शाळेतल्या बक्षीस समारंभासारखा. वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, माझ्या आईनं ती भीती गाडली. परत जाताना मी तिला भेळ घेऊन दिली, ती तिनं गाडीत आवडीनं खाल्ली.

आणि त्या संध्याकाळपासून घरामागची हाक बंद झाली.

मी म्हटलं, बघ, तो हरला. त्याला कळलं तू भीत नाहीस. आईनं ते ऐकून घेतलं. पण मागच्या दाराला टेकवलेला पाट तिनं काढून ठेवला आणि पुन्हा कधी लावला नाही. दारात कुणी आलं तर पहिल्या हाकेला ‘ओ’ म्हणायला लागली. दूधवाली दचकली. मला हे सगळं चांगलं लक्षण वाटत होतं. एकदाच, निघताना, तिनं माझा हात धरला. “माझ्या माघारी हितं कोण ओ देनार?” मी म्हटलं, “मी देईन.” तेव्हा मला घाई होती, एसटी चुकली असती.

थंडी सुरू होताना तिला खोकला झाला. मी कोल्हापुरात आणून दवाखान्यात ठेवलं. न्यूमोनिया. तिला सारखं एकच, घरी ने. डॉक्टर नेऊ देईनात आणि मीही नेलं नाही. ती तिच्या घरात मेली नाही.

पुण्यानुमोदनाला गावातल्या बायका आल्या. त्रिशरण, पंचशील झालं, खीर वाटली. मग भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हातारीनं दुसरीला सांगितलं, “कोर्टात ओ दिलती की तिनं. पयल्या हाकंला.” दुसरी मान हलवत होती. मी दोघींवर अशी खेकसले की खिरीच्या वाट्या खाली ठेवून त्या निघून गेल्या. तिचं वय झालं होतं, फुप्फुसं गेली होती, तुमच्या हाकेचा काय संबंध? भाऊ मांडव आवरत होता. तो माझ्याकडे बघत होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मला सहन झालं नाही.

वकिलांनी वारसाचा अर्ज दिला. कायद्यात माणूस मेला तरी त्याचा नंबर मरत नाही, त्याला एक अक्षर लागतं. आता कागदावर मी आहे, मयत रिस्पॉन्डंट नंबर एक, तर्फे वारस, एक अ. वकील म्हणाले, घर बंद ठेवू नका, ताबा दिसला पाहिजे, जाऊन राहा. म्हणून मी आठवड्यातले चार दिवस कोडोलीत राहते. पडवीत दिवा लावते. आईच्या कॉटवर झोपते. भाऊ दिसला की बोलतो, कामावरून येताना एखादी भाजी दारात ठेवून जातो. केस चालू आहे.

परवाची गोष्ट. दिवेलागण झाली होती. मी मोरीत भांडी घासत होते, नळ बंद केला आणि मागून, शेवग्याकडून, हाक आली. शाळेतल्या नावानं नव्हे. माझ्या घरच्या नावानं, जे आई आणि वडील सोडून कुणी वापरलं नाही, आणि आता कुणीच वापरत नाही. एकच हाक. आवाज बाईचा का पुरुषाचा, ते कळलं नाही.

भावालाही ते नाव ठाऊक आहे, हे मी स्वतःला बजावलं. तो याच अंगणात लहानाचा मोठा झाला. शिवाय मी शिकलेली बाई. डिक्शनरी बघून, कारण शोधून मगच घाबरणारी. पण हातातली वाटी मी खाली ठेवू शकले नाही. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत होते, अगदी आईसारखी, आणि तसं करताना मला लाज वाटत नव्हती, नुसती भीती वाटत होती.

मग मला तो वऱ्हांडा आठवला, पांढरं नऊवारी आणि ती आरोळी. आणि तिला दिलेला माझा घाईतला शब्द.

“ओ,” मी म्हटलं. “आहे मी. कोण आहे?”

कुणीच बोललं नाही. मी मागचं दार उघडलं. झाडाखाली कुणी नव्हतं, पलीकडच्या मोरीत अंधार होता. भाऊ त्या दिवशी रात्रपाळीला गेलेला होता, ते मला नंतर त्याच्या बायकोनं सांगितलं. मी दार लावून घेतलं, भांडी पुरी केली आणि जेवले.

पुढची तारीख पुढल्या महिन्यात आहे. पुकारा होईल तेव्हा मी पहिल्या हाकेलाच उभी राहणार आहे, घर सोडणार नाही. कालही दिवे लागताना मी मोरीत उभी होते, आजही उभी होते, बराच वेळ. हाक आली नाही. ओ दिल्यावर आईलाही पुन्हा आली नव्हती.